पायाची जागल

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, वीज आणि कर्ज हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. आजही ते आहेतच. त्यांच्या मधला अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे तो पायासाठी. साखरेची बीमारी, म्हणजे मधुमेह, झालेल्या शेतकऱ्याच्या पायासाठी. हा विषय डॉक्टरांचा, मेळाव्यात कशाला, असे काहींना वाटेल. आमचे म्हणणे असे की हा विषय शेतीच्या हिशोबाचा आहे आणि हिशोब हा आपलाच विषय आहे.

उत्पादन खर्च काढताना अवजारांचा घसारा धरतात. वखर झिजतो, फवारणीचा पंप झिजतो, त्याचे पैसे लावावे लागतात. कोरडवाहू शेतीत सगळ्यांत जास्त झिजणारे अवजार कोणते? पाय. पेरणी पायावर, डवरणी पायावर, निंदण पायावर, कापसाची वेचणी तर सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पायावर. त्याचा घसारा कोणत्याही तक्त्यात नाही. पंप मोडला तर दुसरा आणता येतो. बैल गेला तर कर्ज काढून घेता येतो. कापलेला पाय कोणती बँक देणार? चार एकरांच्या घरात कर्त्या माणसाचा पाय गेला की शेत बटाईने जाते, दवाखान्याचे देणे डोक्यावर बसते आणि पुढचा रस्ता कुठे जातो, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही.

साखर आता खेड्यातही आहे

"ज्वारीची भाकर खाणाऱ्याला, उन्हात राबणाऱ्याला साखर होत नाही," असे आपल्याकडे अजून बोलले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. शहरात शंभर प्रौढांमागे सोळा, खेड्यात शंभरामागे जवळजवळ नऊ. शिवाय शंभरातले पंधरा उंबरठ्यावर उभे आहेत. या मांडवात किती माणसे बसली आहेत ते बघा आणि हिशोब तुम्हीच करा. त्यातल्या कित्येकांना आपल्याला साखर आहे हे ठाऊकही नसेल, कारण ती दुखत नाही.

राखणदार झोपला तर

पुष्कळ दिवस रक्तात साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मरतात. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात, रात्री झोप लागत नाही. मग एक दिवस जळजळ थांबते. माणसाला वाटते, बरे वाटू लागले. खरे तर तेव्हाच धोका सुरू होतो.

वेदना ही पायाची राखणदार असते. बाभळीचा काटा रुतला की ती ओरडते, आपण खाली बसतो, काटा काढतो. राखणदार झोपला तर ज्वारीचे धसकट तळव्यात शिरते आणि माणूस त्याच पायाने दिवसभर चालतो. संध्याकाळी चपलेला रक्त लागलेले दिसते तेव्हा घरचे विचारतात, "हे काय झाले?" त्याच वेळी साखरेने रक्ताच्या वाहिन्याही चोंदलेल्या असतात. बिडी आणि तंबाखू असेल तर आणखी जास्त. पायाला रक्त कमी पोचले की जखम भरत नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते. मधुमेहात जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ८५ पायांची सुरुवात एका साध्या जखमेपासून झालेली असते. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जखम टळली तर बहुतेक पाय वाचतात.

ही गोष्ट आधी कळली ती कुष्ठरोगाच्या कामातून. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद १९१४ साली तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरला काम करू लागले. त्या काळी लोक समजत की कुष्ठरोगात हातापायाची बोटे आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे झडत नाहीत. सुन्न हातापायांना चटके बसतात, ठेचा लागतात, रात्री झोपेत उंदीर कुरतडतात आणि रोग्याला ते कळत नाही, म्हणून ती जातात. पुढे १९६६ साली ते अमेरिकेत लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि हेच ज्ञान मधुमेही लोकांच्या पायांसाठी वापरले गेले. सुन्न पाय जिथे आतून दुखावतो तिथे जखम व्हायच्या आधी तो गरम होतो, हेही त्यांनी पाहिले. आपल्या विदर्भाने आनंदवन पाहिले आहे, दत्तपूर पाहिले आहे. सुन्न पाय म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकवावे लागू नये.

आपल्याकडे पाय कसा दुखावतो

पऱ्हाट्या उपटताना खुंट लागतो. पावसाळ्यात दिवसदिवस चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चैत्र-वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले की फोड येतात. जागलीच्या रात्री शेकोटीपाशी पाय शेकताना कातडी भाजते. घरात धान्याची पोती असली की उंदीर असतातच आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा सुन्न अंगठा ते कुरतडतात. नव्या चपलेचा अंगठा घासतो. बुटात खडा असतो आणि तो दिवसभर तिथेच राहतो.

त्यावर आपले घरगुती उपाय काय? भेगेला बिब्बा. भोवरीला ब्लेड. जखमेवर चुना नाहीतर हळद. सूज आली की कढत पाण्याचा शेक. ज्याचा पाय जागा आहे त्याचे यातून निभावत असेल. सुन्न पायाला बिब्बा जाळतो, ब्लेड खोल जाते, कढत पाणी कातडी सोलून काढते आणि माणसाला पत्ता लागत नाही. साखर असलेल्या माणसाने यांतले काहीही करू नये.

पाय जागा आहे की झोपला?

याची परीक्षा करायला पैसे लागत नाहीत. दवाखान्यात नायलॉनच्या एका ठरावीक जाडीच्या दोऱ्याने तळवा तपासतात. तो दोरा वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅम भार पडतो. तेवढाही ज्याला कळत नाही त्याचा पाय धोक्यात समजतात. दोरा नसला तरी बोट आहे. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी २०११ साली एक सोपी रीत प्रसिद्ध केली. माणसाला आडवे करा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने हलकेच स्पर्श करा. एक-दोन सेकंदच. दाबायचे नाही, टोचायचे नाही. स्पर्श कळला की त्याने सांगायचे. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पाय सुन्न होतो आहे असे धरा आणि डॉक्टरांना दाखवा. ही परीक्षा नवऱ्याने बायकोची, सुनेने सासऱ्याची, नातवाने आजीची करावी.

ज्याचा पाय सुन्न निघेल त्याने रोज रात्री कंदिलाच्या नाही, चांगल्या उजेडात दोन्ही पाय बघावेत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा. डोळ्यांना दिसत नसेल तर घरातल्या पोराने बघावे. बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचेला तेल लावावे, बेचक्यांत लावू नये. घरातही अनवाणी चालू नये. पायताण घालण्याआधी ते उलटे करून झटकावे आणि आत हात फिरवावा.

तापमापकाची जागल

डोळ्याला दिसते ते जखम झाल्यावर. जखमेच्या आधी पाय गरम होतो ते कसे कळणार? यासाठी एक साधे यंत्र आहे आणि ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. २०२० साली कोरोनात गावोगावी कपाळासमोर जे पिस्तुल धरत, तोच तापमापक. साधारण बीटी कपाशीच्या एक-दोन पाकिटांच्या किमतीत तो मिळतो.

रीत अशी. सकाळी घरात पायताण काढून दहा मिनिटे बसा. उन्हातून किंवा चुलीपासून उठून लगेच मोजू नका. दोन्ही तळव्यांवर त्याच त्या सहा जागा मोजा : अंगठा, चवड्यावर अंगठ्याखाली, मधल्या बोटाखाली, करंगळीखाली, तळव्याचा मध्य आणि टाच. उजव्याची जागा आणि डाव्याची तीच जागा यांची तुलना करा. फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर गरम जागेत काहीतरी बिघडते आहे. चालणे कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. एक सूचना : या यंत्राला बहुधा दोन खटके असतात, एक अंगातल्या तापाचा आणि एक वस्तूचा. पायासाठी वस्तूचा खटका वापरा, कारण पाय कपाळापेक्षा थंड असतो आणि तापाच्या खटक्यावर यंत्र आकडाच दाखवत नाही.

याचा अनुभव काय? अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी पायाला जखम होऊन गेलेल्या १७३ लोकांचे तीन गट केले आणि १५ महिने पाहिले. नेहमीचे उपचार मिळणाऱ्या गटात शंभरातल्या २९ जणांना पुन्हा जखम झाली. रोज आरशात पाय बघणाऱ्या गटात ३० जणांना. तापमापक वापरून, गरम जागा सापडली की चालणे कमी करणाऱ्या गटात मात्र साडेआठ. २०१७ साली तिकडेच एका चटईचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज तिच्यावर क्षणभर उभे राहायचे आणि ती तळव्याची उष्णता मोजून कळवते. तळव्याच्या शंभरातल्या ९७ जखमांची सूचना तिने सरासरी ३७ दिवस आधी दिली. मात्र ती खोटी हाकही पुष्कळदा देते. जागल्या कधी कधी वाऱ्यालाही डुक्कर समजतो, तसेच ते. म्हणून जागल कोणी बंद करत नाही.

राबणे आणि व्यायाम

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग. साखरेने सांधे आखडतात आणि पायाचे बारीक स्नायू वाळतात. घोटा वाकेनासा झाला की पाऊल टाकताना सगळा भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली जखम होते. निंदायला उकिडवे बसल्याने हे सुधारत नाही. त्यासाठी पायाचा वेगळा व्यायाम लागतो आणि तो खाटेवर बसून करता येतो. चवडा वर, चवडा खाली, वीस वेळा. घोटा गोल फिरवा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. बोटे फाकवा आणि मिटा. खाली स्वच्छ कापड अंथरून कापसाचा बोळा पायाच्या बोटांनी उचला आणि ठेवा. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि वीस अंक मोजेपर्यंत पोटरी ताणा. सगळे मिळून पंधरा मिनिटे. आठ ते बारा आठवडे नेमाने केले तर घोटा मोकळा होतो, पावलात जोर येतो. एवढ्याने जखम होणारच नाही अशी हमी कोणी देत नाही. राखणीतला तो एक हिस्सा आहे. ज्याला जखम आहे किंवा गरम जागा आहे त्याने उभे राहून व्यायाम करू नये.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो कोरडवाहू शेतकऱ्याला खास लागू आहे. पूर्वी डॉक्टर म्हणत, पाय सुन्न झाला की चालूच नका. २००८ साली अमेरिकेतील मिसुरीत ७९ सुन्न पायांच्या लोकांवर प्रयोग झाला. चालण्याचा आणि पायाच्या बळाचा व्यायाम केलेल्यांत जखमा वाढल्या नाहीत. त्याच्या आधी, २००४ साली, शंभर जणांची रोजची पावले यंत्राने मोजली होती. ज्यांना जखमा झाल्या ते इतरांपेक्षा कमीच चालत होते, पण जखमेच्या आधीचे दोन आठवडे त्यांचे चालणे एकदम कमी, एकदम जास्त असे झाले होते.

आता आपले वर्ष बघा. बागायतीत काम बारमाही. आपले काम मात्र हंगामाचे. उन्हाळाभर माणूस लिंबाखाली बसतो आणि मृगाचा पाऊस पडला की पहाटेपासून रात्रीपर्यंत वावरात. चालणे एका दिवसात कुठल्या कुठे जाते. सुन्न पायाला हा झटका सोसत नाही. म्हणून पायालाही उन्हाळी मशागत लागते. ज्याला जखम नाही त्याने अक्षय्य तृतीयेपासून रोजचे चालणे टप्प्याटप्प्याने वाढवावे. आहे त्यात रोजची हजार पावले वाढवली तर सहसा धोका नाही, असे या विषयातले आंतरराष्ट्रीय जाणकार सांगतात. हजार पावले म्हणजे किती? चौरस एकराच्या धुऱ्यावरून एक फेरी साधारण २५० मीटरची. अशा अडीच फेऱ्या. खिशातला मोबाइलही पावले मोजतो. बूट घालून चाला, अनवाणी नाही. ज्याला पूर्वी जखम होऊन गेली आहे त्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

यंत्र सांगेल, बसवणार कोण?

आता खरी गोष्ट. नेदरलँड्समध्ये ३०४ लोकांवर तापमापकाचा असाच प्रयोग झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथे यंत्र वापरणाऱ्यांत आणि न वापरणाऱ्यांत फरक इतका थोडा पडला की त्यावरून यंत्र उपयोगी आहे असे म्हणता येईना. पण त्यातच एक गोष्ट दिसली. गरम जागा सापडल्यावर ज्यांनी खरोखर चालणे कमी केले, त्यांना फायदा झाला. ज्यांनी आकडा पाहिला आणि तसेच चालत राहिले, त्यांना झाला नाही.

म्हणजे पाय वाचवतो तो आराम. यंत्र फक्त हाक मारते. आणि आपल्याकडे आराम कोणाला परवडतो? बोंडे फुटली आहेत, आभाळ भरून आले आहे, मजूर मिळत नाही, किलोमागे वेचणीचा दर वाढतो आहे. अशा दिवशी घरच्या बाईने सांगितले की माझी टाच तीन अंशांनी गरम आहे, मी आठ दिवस वावरात येत नाही, तर घरात काय बोलतील? ती सांगतच नाही. फडके बांधते आणि जाते. आपल्या घरांतले पाय अशा न सांगण्यात जातात. वेचणी, निंदण, धसकटे वेचणे हे काम जास्त करून मायबहिणींचे आहे आणि दवाखान्याची पाळी त्यांचीच शेवटी येते. हे बदलल्याशिवाय तापमापकाचा काही उपयोग नाही.

एका बाईच्या आठ दिवसांच्या वेचणीची मजुरी काढा. दुसऱ्या बाजूला पाय कापण्याचा खर्च, त्यापुढची जन्माची मजुरी आणि तिला धरून बसणाऱ्या माणसाची मजुरी मांडा. हा हिशोब करायला कृषी विद्यापीठ लागत नाही.

आपला कार्यक्रम

म्हणून आम्ही पाच गोष्टी सुचवतो.

एक. मेळावा संपल्यावर जेवणाआधी, मांडवातच, साखर असलेल्या प्रत्येकाची सहा बोटांची परीक्षा करा. ज्यांनी तीस वर्षे ओलांडली आहेत आणि साखर कधी तपासलेली नाही, त्यांनी या आठवड्यात उपकेंद्रात जाऊन तपासावी. तिथे ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे.

दोन. गावात वर्गणी करून एक तापमापक आणि एक वही घ्या. वहीत नाव, तारीख आणि बारा आकडे. ज्यांचे पाय सुन्न आहेत त्यांचे रोज मोजा.

तीन. ज्याच्या पायाला गरम जागा निघाली त्याच्या शेतावर इर्जिक करा. नांगरणी-पेरणीला सावड करायची रीत आपल्याकडे आहेच, तीच पायासाठी वापरू. चार घरांनी दोन-दोन दिवस दिले की आठ दिवस निघाले. त्या माणसाने मात्र खरोखर बसायचे. वावरात न येता बाजाराला चालत जायचे नाही.

चार. जखम झाली, पू आला, वास आला, बोट काळे पडले, किंवा जखम नसतानाही पाय सुजून लाल आणि गरम झाला, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या बाजार आहे, परवा फवारणी आहे, हे चालणार नाही.

पाच. मागणी. मधुमेही माणसाचे पायताण काढून, दोऱ्याने, वर्षातून निदान एकदा प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने पाय तपासला पाहिजे. यात अशक्य असे काही नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी २००७ सालीच लिहून ठेवले आहे की गरीब देशांत डॉक्टर आणि नर्स यांच्या जोड्यांना शिकवून हे काम होऊ शकते. ज्ञान आपल्या विदर्भातच आहे. ते तालुक्यापर्यंत आणण्याचा ठराव आज इथे मांडावा आणि त्याची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी.

भावांनो, मायबहिणींनो, ज्वारी हुरड्यात आली की आपण रात्र रात्र मचाणावर काढतो. कोणी सांगावे लागत नाही, कारण एका रात्रीत डुकरे वर्षाचे पीक लोळवतात हे आपल्याला माहीत आहे. पायाला रोज रात्री पाच मिनिटे आणि सकाळी पंधरा मिनिटे लागतात. आता ज्यांना साखर आहे त्यांनी पायताणे काढून पुढे या. लाजू नका. परीक्षा करणारी माणसे मांडवाच्या उजव्या बाजूला बसली आहेत.